देवचाराचं इंग्रजी

"डेव्हिल? देवचाराला डेव्हिल? जीभ झडेल तुझी, दत्ताराम!"

"मग काय म्हणू, बाई? डिक्शनरीत तेच आहे."

"घाल चुलीत ती डिक्शनरी! रात्रभर गावाची राखण करून झिजतात म्हणून दर साली त्याला नव्या चपला वाहतोस ना? डेव्हिलला कोणी चपला शिवून देतं का रे मेल्या?"

दत्ताराम कुबलने डिक्शनरी मिटली.

एसटीतून निवृत्त झालेला ड्रायव्हर. भुताच्या गोष्टी सांगाव्यात तर आपणच, असं तो गावभर सांगत फिरे. आणि ते खोटं नव्हतं. भलेभले पुरुष त्याची गोष्ट ऐकून अंगणात एकटे जात नसत.

पण रविवारी त्याची नात लंडनहून येणार होती. तिला मराठी येत नव्हतं. मागच्या खेपेला त्याने तिला खविसाची गोष्ट सांगितली, हातवारे करून, डोळे वटारून. पोरीने जांभई दिली आणि मोबाइल उघडला.

तेव्हापासून तो तुळसाबाईंच्या ओटीवर इंग्रजी शिकायला येत होता. बाईंनी शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. रेडिओ ऐकून आणि औषधांची वेष्टनं वाचून त्या इंग्रजी शिकल्या, आणि हे त्या कुणाला विसरू देत नसत.

"हडळ?" बाईंनी विचारलं.

"विच."

"विच जिवंत असते. हडळ मेलेली."

"मग घोस्ट."

"मुंजा?"

"घोस्ट."

"आणि खवीस?"

"...बिग घोस्ट."

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

दत्तारामचाही पारा चढला. "तुम्हाला खरे शब्द ठाऊक आहेत, बाई. मुद्दाम देत नाही. एकदा शब्द हातात येऊ देत, मग बघा पोर कशी कुशीत शिरते ती!"

"शब्दाला कोण घाबरतं?"

"शब्दालाच घाबरतात! जन्म गेला माझा गोष्टी सांगण्यात. ते तरी मला शिकवू नका."



भर दुपार होती. अंगणात आमसुलं वाळत होती. कुठे पान हलत नव्हतं.

बाईंची नजर दत्तारामच्या खांद्यावरून मागे गेली... आणि तिथेच थांबली.

त्या हळूच उठल्या. सरपंचासमोरही कधी न घेतलेला पदर त्यांनी डोक्यावर घेतला. हात जोडले. मग भिंतीशी टेकवलेला पाट घेऊन तो दत्तारामच्या अगदी मागे मांडला, आणि अदबीने दोन पावलं बाजूला सरल्या.

दत्तारामच्या मानेवर काटा आला. वळून बघायची छाती होईना.

"बाई..."

...

"अहो बाई, कोण आलंय? सांगा ना!"

बाईंनी आवाज अगदी खाली आणला.

"कुठल्या भाषेत सांगू?"