कालव्याचा उतार

थंडीचे दिवस होते आणि कालव्याला रब्बीचे पाणी सोडलेले होते. अशा एका सकाळी एक वृद्ध शिक्षक आपल्या शिष्यासह मासे धरायला निघाले. शिक्षकांचे नाव नागनाथअण्णा. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांना हा एकच छंद उरला होता. हलकी काठी, तिला लहानसे चाक, चाकावर केसासारखी बारीक दोरी आणि दोरीच्या टोकाला चकाकत्या पत्र्याचा इवलासा खोटा मासा. सिद्राम हा त्यांचा जुना विद्यार्थी. आता चांगला तिशीतला, अंगाने दणकट गडी. गेल्या हिवाळ्यापासून तो अण्णांकडून ही विद्या शिकत होता.

"थंडीत मासा आळसावतो," अण्णा त्याला सांगत. "आमिषामागे धावत नाही. ते त्याच्या तोंडासमोरून सावकाश जायला हवं. आणि बारीक दोरीवर जोर करायचा नाही. तो ओढेल तेवढी सोडायची, थकला की हळूच गुंडाळायची."

परंतु त्या सकाळी सिद्राम शिकण्यासाठी आला नव्हता. त्याची आई मोठ्या आजारातून नुकतीच वाचली होती. प्राण राहिला, पण अन्नावरची वासना उडाली. भाताची पेज तोंडाला लावली तरी ती मान फिरवी. आदल्या संध्याकाळी मात्र ती आपण होऊन म्हणाली, "मरळीचा रस्सा असता तर दोन घास गेले असते बघ." सिद्राम त्याच पावली बाजारात गेला. मरळ कुठेच नव्हती.

कालव्यावर पोहोचले तेव्हा पाण्यावरून धुके वाहत होते. बोटे इतकी गारठली होती की गाठ मारताना सिद्रामला दोरी हाताला कळत नव्हती. कालव्याचे दोन्ही काठ सिमेंटचे, उतरते. पाण्यालगत हिरवे, ओले शेवाळ. थोडे पुढे कालवा रस्त्याखालच्या अंधाऱ्या मोरीत शिरत होता. पाण्याचा घोष तिथून अखंड ऐकू येई. त्या मोरीत गेलेले जनावर जिवंत बाहेर आल्याचे गावात कोणालाच ठाऊक नव्हते.

बराच वेळ काही लागले नाही. अण्णा वरच्या बांधावर बसून विडी ओढत होते. सिद्राम पुन्हा पुन्हा आमिष टाकी आणि सावकाश ओढून घेई. अचानक दोरी थांबली. मग काठी वाकली आणि चाक किर्र करून फिरू लागले.

"लागली! अण्णा, मरळच आहे!"

पाठ एकदा पाण्यावर दिसली, काळी आणि मनगटाहून जाड. पुढच्या क्षणी ती मोरीच्या दिशेने धावत सुटली. सिद्रामने शिकवल्याप्रमाणे दोरी सोडली. मासा थांबेना. चाकावरची दोरी संपत आली. ती तुटू नये म्हणून तो एक पाऊल उतारावर उतरला. दोरी सैल झाली, त्याला हायसे वाटले. मासा पुन्हा सरकला. तोही पुन्हा उतरला.

"सिद्राम, वर ये."

"आलीच अण्णा, दमलीय ती!"

"दोरी सोड म्हणतो ना!"

त्याने ऐकले की नाही, कोण जाणे. दोरी पाण्यात शिरत होती त्या एका बिंदूवर त्याची नजर खिळली होती. टाच शेवाळाला लागली, घसरली, कशीबशी थांबली. त्याचेही त्याला भान नव्हते. पाणी आता त्याच्या घोट्यांना लागत होते.

तेव्हा अण्णांनी एक विचित्र गोष्ट केली. ते बसल्या बसल्या उतारावरून सरकत त्याच्या मागे आले, कोरड्या सिमेंटला पाय रोवून एका हाताने त्याचा कमरपट्टा धरला, आणि दुसऱ्या हाताने ओठांतली विडी काढून तिचे पेटते टोक चाकाजवळच्या दोरीला टेकवले.

दोरी निमिषात तुटली. ताण जाताच सिद्राम मागे कोसळला, थेट अण्णांच्या अंगावर. पाण्यावर एक वलय उमटले आणि मोरीकडे वाहून गेले.

"काय केलंत हे?" तो ओरडला. आवाज रडवेला झाला होता. "अण्णा, आईसाठी होती ती! तुम्हाला ठाऊक होतं!"

अण्णा धापा टाकत होते. त्यांनी खाली बोट दाखवले. शेवाळावर सिद्रामच्या टाचांनी ओढलेले दोन लांब ओरखडे होते. ते पाण्यात शिरत होते. त्यापुढे पाय टेकायला जागाच नव्हती.

"तुला ओढून वर घ्यायचं बळ माझ्या अंगात नाही," अण्णा म्हणाले. "दोरी तोडण्यापुरतं होतं. आता मला सांग, तुला खाली कोणी ओढलं? या दोरीनं? ती तर विडीच्या टोकानं तुटली. मासा तुझ्याकडे येत नव्हता, बाळा. तू माशाकडे चालला होतास. वाईट कामाला निघालेला माणूस भितो, म्हणून पावलागणिक खाली बघतो. तुझं काम चांगलं होतं. म्हणून पाय कुठे पडतोय ते बघायचं तुला सुचलंच नाही."

सिद्रामने पुन्हा एकदा त्या ओरखड्यांकडे पाहिले.   दोघे हातांवर रेटा देत, बसूनच वर आले.

तो रिकामी पिशवी घेऊन घरी पोहोचला. आई उंबऱ्याशी उन्हात बसली होती. तिने पिशवीकडे पाहिले नाही. त्याच्या भिजलेल्या पायांकडे पाहिले.

"एवढा गारठलास कशानं रे?"

सिद्रामने घडले ते सगळे सांगितले. शेवाळाचे सांगताना तो अडखळला, पण त्याने तेही लपवले नाही.  आईने पदराने त्याचे पाय पुसले आणि म्हणाली, "ती पेज आण इकडं. गरम कर. तू बस माझ्यापाशी, म्हणजे जाईल."

त्याने पेज आणली. तिचा हात त्याच्या मनगटावर होता, आणि ती घोट घोट पीत होती.

ज्यांच्यासाठी आपण जिवाचे रान करतो, त्यांना बहुधा आपण आधी हवे असतो.