इंदुकळेची तुला

एका राज्यात वारा सुटला की राजवाड्याची दारं आधी लावून घेत, आणि मग गुराघोड्यांकडे बघत. असं का करत, ते सावकाश सांगतो. घाई केली तर गोष्ट हातची जाईल.

त्या राज्याचा राजा पृथुसेन. राणी सुकेशा. त्यांची एकुलती एक लेक इंदुकळा, नुकते दुधाचे दात पडून नवे आलेली. आणि राणीचा थोरला भाऊ सारंगधर, तोही तिथेच राही. दांडगा गडी. उधळलेला बैल शिंगं धरून थोपवील असं मनगट, पण स्वभावानं गाय. भाचीला एका तळहातावर उभी करी आणि चौकभर मिरवी. पोर वरून ओरडे, "मामा, अजून उंच." मामा टाचा उंच करी.

एकदा पोर आजारी पडली. वैद्यांनी माना खाली घातल्या. तेव्हा घोरनाथ नावाचा मांत्रिक आला, त्यानं तिला यमाच्या उंबऱ्यावरून माघारी आणली. राजानं शब्द दिला, "लेकीच्या भारोभार रुपं, अस्सल चांदी, तुम्हांला देईन."

तुलेचा दिवस उजाडला. खजिन्यात रुप्याची एक मोठी लगड होती, पणजोबांच्या काळची. तिच्यावर राजमुद्रा उमटवलेली. दर दिवाळीला लक्ष्मीपूजनात तिला हळदकुंकू वाहत. इतकी वर्षं वाहत होते की मुद्रेच्या खाचा कुंकवानं बुजून गेल्या होत्या. दरबारचा सोनार भीत भीत म्हणाला, "महाराज, देण्याआधी सुलाखून बघावी म्हणतो. तापली टोचणी आत घातली की पोटात काय आहे ते कळतं."

राजा म्हणाला, "पूजेतल्या लक्ष्मीला भोसकायचं? पणजोबांच्या मुद्रेवर संशय घ्यायचा?"

मग कोण बोलणार? सारंगधरही तिथेच उभा होता. तोही बोलला नाही. लगड पारड्यात ठेवली, वर दोन ताटं आणि चार वाट्या ठेवून काटा जुळवला, आणि मांत्रिक ते सगळं घेऊन गेला.

तो परत आला तेव्हा दरबार भरलेला होता. त्यानं लगड राजापुढे ठेवली. तिला भोक पाडलेलं होतं, आणि भोकातून शिसं दिसत होतं. वरचं रुपं केळीच्या सालीएवढं. शिसं कुणी घातलं, कधी घातलं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. घालणारा मरूनही जमाना झाला असेल.

घोरनाथ म्हणाला, "राजा, तू फसवलंस की तूच फसलास, ते मी विचारत नाही. वजन खोटं होतं. आता लेकीचंही वजन खोटं होईल."

त्या दिवसापासून पोर हलकी होऊ लागली. दुखणं नाही, खुपणं नाही. खाई, पिई, हसे. पण आधी तिच्या पावलांचा आवाज गेला. मग ती रांगोळीवरून चालली तरी रांगोळी मोडेना. मग एका सकाळी खिडकीतून झुळूक आली आणि पोरीला उचलून छताला लावून गेली. तेव्हापासून तिच्या कमरेला शेला बांधून त्याचं दुसरं टोक जात्याच्या खुंट्याला अडकवून ठेवीत. वारा सुटला की दारं लावत ती यासाठी. एकदा उघड्यावर गेली असती तर मग कुठे शोधणार?

राजा मांत्रिकाच्या पाया पडला. मांत्रिकाचंही मन पाघळलं, पण तोंडून गेलेला शाप गिळता येत नाही. तो म्हणाला, "उतारा एकच. रौप्यगिरीच्या यक्षिणीकडून रुपं आणा. पोरीला त्यानं तोला. काटा मधोमध उभा राहिला तर शाप सुटेल. हात काढल्यावर रुप्याचं पारडं तिळभरही खाली राहिलं, तर रुपं डोंगराला परत जाईल आणि पोर वाऱ्याला."

सारंगधर पुढे झाला. "दाजी, मी जातो. त्या दिवशी तोंड उघडलं नाही, आता पाय तरी उचलतो."

राजा म्हणाला, "सगळ्यांत मोठी लगड आणा. हात आखडू नका."

इंदुकळा छताशी बसली होती. तिथून म्हणाली, "मामा, लवकर ये. इथे कोळी आहेत, आणि ते माझ्याशी बोलत नाहीत."

मामानं मान वर करून हसल्यासारखं केलं, आणि घोड्यावर बसला.

रौप्यगिरी दूर. वाटेत जळतं रान लागलं, उलटी वाहणारी नदी लागली, आणि हाका मारणारी दरी लागली. रानातून तो दौडत गेला, नदीतून पोहत गेला, दरीतून कानात कापूस घालून गेला. डोंगराच्या पायथ्याशी पोचला तेव्हा घोड्याच्या तोंडाला फेस होता.

दाराच्या चौकटीवर एक साळुंकी बसली होती. ती म्हणाली, "या पैलवान. दारातून मावाल का?"

"आडवा होऊन येईन. यक्षीण कुठे आहे?"

"धवलाबाई आत आहेत. पाय पुसून या. मागच्या राजपुत्रानं सगळा चिखल आत आणला होता."

धवला यक्षीण पांढऱ्या पाटावर बसली होती. केस पांढरे, पापण्या पांढऱ्या, नखं रुप्याची. तिला काही सांगावं लागलं नाही. तिनं तीन दारांकडे बोट केलं. "एका दारात लगडी आहेत. एकात नाणी. एकात दाणे. तिन्ही पारखून बघ, मग एकच माग. दुसऱ्यांदा मागता येत नाही."

पहिलं दार उघडलं. आत लगडींची चळत, एकेक उशीएवढी. सगळ्यांवर हळदकुंकू वाहिलेलं.

साळुंकी म्हणाली, "पूजेची आहे हो. भोसकणार का लक्ष्मीला?"

सारंगधरानं हात जोडले. मग बरोबर आणलेली टोचणी समईवर तापवली आणि लगडीच्या पोटात खुपसली. टोचणी बाहेर आली. भोकाच्या तळापर्यंत रुपं पांढरंशुभ्र.

"हिची घडणावळ काय?"

यक्षीण म्हणाली, "काही नाही. ओतली आणि थिजली. फुकट ने. पण माझी लगड तुटत नाही, कापत नाही, वितळत नाही. आहे तशी चालवायची."

दुसरं दार उघडलं. नाण्यांचा ढीग. एकावर चंद्र, एकावर सूर्य, एकावर हत्ती. त्यानं एक नाणं अंगठ्यानं उडवलं. आवाज असा निघाला की साळुंकीनंही मान वाकडी करून ऐकला.

"यांची घडणावळ?"

"तुझं नाव. ठसा उमटवायला नाव लागतं. दिलंस तर घरी कुणी तुला ओळखणार नाही. आणि नाणं कापलंस तर राख होईल."

तिसरं दार उघडलं. दाणे. राळ्याएवढे, मोहरीएवढे, काही तर डोळ्याला दिसतील न दिसतील इतके बारीक. ना ठसा, ना मुद्रा, ना आवाज.

साळुंकी म्हणाली, "यात निम्मं कथील आहे, पैलवान. कोण एकेक दाणा तपासतो?"

सारंगधर खाली बसला. त्यानं लोखंडी पळी मागितली. ढिगाच्या वरून मूठभर दाणे घेतले, मधून मूठभर, तळातून मूठभर. पळी समईवर धरली. कथील असतं तर पाणी होऊन वाहिलं असतं. दाणे तापले, पण एकही पाघळला नाही. साळुंकीनं चोच मिटली.

"यांची घडणावळ?"

यक्षीण म्हणाली, "ही सर्वांत जास्त. वितळलं रुपं थेंब थेंब पाण्यात सोडावं लागतं. माझे हात झिजतात. तुझ्या हातांतलं बळ घेईन. सगळं."

सारंगधर आपल्या हातांकडे बघत राहिला. तिन्ही दारांत रुपं खरं होतं. एक फुकट. एकाला नाव. एकाला हात. राजाचा हुकूम लगडीचा. त्याच्या मनात आलं, फुकट आहे, मोठी आहे, खरी आहे. उचलावी आणि निघावं. पोर वाट बघते आहे. तो लगडीकडे दोन पावलं गेलाही.

मग थांबला. त्यानं विचारलं, "बाई, माझ्या भाचीचं वजन आज किती?"

"निघालास तेव्हा होतं त्याहून कमी."

"पोचेन तेव्हा?"

"आजच्याहून कमी."

"म्हणजे किती?"

"ते तिला पारड्यात बसवल्यावर कळेल."

राजाला मोठं हवं होतं. पण मोठं घेऊन करायचं काय? पोर पिसासारखी झालेली, आणि समोर उशीएवढी लगड. नाणं त्याहून लहान, पण तेही एक जास्त आणि एक कमी पडलं तर? जे माप आज ठाऊकच नाही, त्याला पुरं पडेल असं एकच होतं, चिमटीनं घालता येईल आणि चिमटीनं काढता येईल.

"दाणे द्या," तो म्हणाला.

यक्षिणीनं त्याची दोन्ही मनगटं धरली. दुखलं नाही. फक्त त्याचे हात खाली लोंबले, ओल्या धोतरासारखे. मग तिनं कातडी पिशवी भरून दिली. ती त्याला उचलवेना. दातांत बंद धरून, गुडघ्यानं रेटून त्यानं ती घोड्यावर चढवली. साळुंकी खोगिरावर येऊन बसली.

"तू का येतेस?"

"काटा बघायला कुणीतरी हवं. आणि तुमच्याच्यानं लगामही धरवत नाही आता."

तिनं चोचीत लगाम धरला. परतीला हाका मारणारी दरी लागली, उलटी नदी लागली, जळतं रान लागलं. पहिल्यानं छाती काढून गेलेला माणूस आता घोड्याच्या मानेला बिलगून आला.

गाव दिसलं तेव्हा भर दुपार होती आणि वावटळ उठली होती. राजवाड्याची दारं आतून लावलेली. आत गेला तो काय बघतो, शेला ताणलेला, जातं जागचं हललेलं, आणि पोर छताच्या झरोक्याशी. तिच्या अंगातून पलीकडचा उजेड दिसत होता. राणी शेल्याला दोन्ही हातांनी धरून उभी होती. किती वेळ उभी होती, देव जाणे.

"दादा, आणलंस?"

"आणलं गं."

दरबारात तराजू टांगला. झरोके कापडानं बुजवले. घोरनाथ येऊन भिंतीशी उभा राहिला. शेला हळूहळू ओढून पोरीला खाली आणलं आणि पारड्यात बसवलं. साळुंकी तराजूच्या दांडीवर बसणार होती, ती विचार करून खांबावर बसली.

राजानं पिशवीत डोकावलं. "लगड कुठे आहे?"

"लगड नाही, दाजी. दाणे आहेत."

"मी काय सांगितलं होतं?"

"सांगितलं होतंत. आता श्वास रोखून धरा सगळ्यांनी. पोर उडेल."

सगळ्या दरबारानं श्वास रोखला. सारंगधराच्या बोटांत एक चिमूट उचलण्यापुरता जीव होता. त्यानं एक चिमूट घातली. काटा हलला. दुसरी घातली. काटा मधाकडे सरकला. तिसरी घालताना हात लटपटला, दोन दाणे जास्त पडले, आणि रुप्याचं पारडं खाली जाऊ लागलं.

राणीच्या तोंडून हुंदका फुटू पाहत होता, तिनं पदर तोंडात कोंबला. सारंगधरानं ओलं बोट लावून एक दाणा टिपला. मग दुसरा. पारडं थबकलं, वर आलं. काटा जवळजवळ मधोमध. जवळजवळ.

राजाला राहवेना. देणारा माणूस तो, मन मोठं. त्यानं पिशवीत हात घालून मूठ भरली. "एवढ्यानं काय होणार? वर एक मूठ असू दे. लेकीचं दान आहे."

"दाजी, हात मागे घ्या."

"मी राजा आहे."

"म्हणूनच सांगतो. हे दान नाही, माप आहे. त्या दिवशी मी गप्प बसलो होतो. आज नाही बसणार."

राजाची मूठ हवेत राहिली. लेकीकडे बघितलं त्यानं. मग मूठ पिशवीत रिकामी केली आणि मागे सरला.

सारंगधरानं पिशवीच्या तळातून सर्वांत बारीक दाणा शोधला. दिसेल न दिसेल असा. तो बोटाच्या टोकावर आणून पारड्यावर धरला. पण दाणा पडेना, बोटाच्या ओलीला चिकटला होता. त्यानं बोटावर हलकी फुंकर घालायला तोंड उघडलं, आणि मिटलं. फुंकर पोरीला लागली असती. तो तसाच उभा राहिला, बोट सुकेपर्यंत. कपाळावरून घाम डोळ्यांत गेला, तो त्यानं पुसला नाही.

बोट सुकलं. दाणा पडला.

काटा मधोमध उभा राहिला.

साळुंकी खांबावरून म्हणाली, "मधोमध." घोरनाथानं मान हलवली.

तेवढ्यात पोरीचं पारडं दाणकन जमिनीवर आपटलं. रुप्याचं पारडं उसळून वर गेलं, दाणे दरबारभर उधळले. इंदुकळा जमिनीवर बसकण मारून गुडघा चोळत होती. "आई गं, लागलं ना," ती म्हणाली. त्या रडक्या आवाजाइतकं गोड त्या दरबारात कधी काही वाजलं नव्हतं.

सगळ्यांनी श्वास सोडला. झरोक्यांवरची कापडं उडाली, वारा आत आला, पोरीचे केस विस्कटले, आणि पोर जागची हलली नाही.

घोरनाथानं दाणे वेचून घेतले, शेवटचा बारीक दाणासुद्धा, आणि आला तसा गेला. त्या राज्यात पुढे पूजेतलं रुपंही आधी सुलाखलं जाई, आणि मगच त्याला कुंकू लागे. राजा स्वतः टोचणी धरी.

पण त्या दुपारी काय झालं ते सांगायचं राहिलं. इंदुकळा उठली, धावत मामाकडे आली आणि दोन्ही हात वर केले. "मामा, उचल."

मामानं तिच्या काखेत हात घातले. जोर लावला. पोर तसूभरही उचलली गेली नाही. त्यानं पुन्हा जोर लावला, गुडघे टेकले, तोंड लाल झालं. राणीनं मान फिरवली.

"मामा, उचलत का नाहीस?"

"जड आहेस गं," सारंगधर म्हणाला. "फार जड झालीस." आणि तो जमिनीवरच बसून हसत राहिला, आणि डोळे पुसायला त्याला भाचीचाच हात लागला.

त्या पोरीचे पाय जसे भुईला टेकले, तसे तुमच्याआमच्या लेकरांचेही टेकलेले असोत.