शेठच्या खुंटीपाशी खळ

वेळूगडच्या साळीआळीत दोनशे माग होते, ते एकामागून एक सगळे बंद पडले. परमुलखातलं स्वस्त कापड बाजारात आलं आणि इथल्या शेल्यांकडे कुणी ढुंकून बघेना. गोष्ट राजा मानधवलाच्या कानावर गेली. राजा मनाचा चांगला, पण कानाचा हलका. त्यानं दिवाण नारोपंतांना विचारलं, "काय करावं?"

"सरकारी कोठारातलं शंभर गाड्या सूत हरखशेठच्या वखारीत टाकावं," दिवाण म्हणाले. "आळीतला सगळ्यांत मोठा व्यापारी तो. वरचा भरला की खालच्यांपर्यंत आपोआप झिरपतं, महाराज."

सूत गेलं, दवंडी पिटली गेली आणि न्हाव्याच्या ओट्यावर जो तो दिवाण झाला.

"बरोबर केलं," न्हावी म्हणाला. "शेठ बुडाला तर आळी बुडेल."

"माझा घाणा बंद पडला तेव्हा कुणी मूठभर तीळ दिले नाहीत," तेली कुरकुरला. "साळ्यांचेच एवढे लाड कशाला?"

"सरकार देतंय ना, मग गप घ्यावं," दाढी करून घेता घेता म्हातारा शिलेदार बोलला.

सूत साळ्यांना मिळालं का, हे मात्र कुणी विचारलं नाही. सांगायला तिथं साळी होतेच कुठं? ते खडी फोडायला गेले होते. आणि हरखशेठ? शेले खपत नाहीत तर विणायचे कशाला, असा शहाणा विचार करून त्यानं निम्मं सूत शेजारच्या मुलखात विकलं आणि घरावर आणखी एक माडी चढवली.

सहा महिन्यांनी, घटस्थापनेच्या दिवशी, राजा मुद्दाम साळीआळीतून निघाला. मागांची खटखट ऐकायला त्यानं कान टवकारले, तर ऐकू आलं फक्त एका कुत्र्याचं भुंकणं. राजाचा पारा चढला.

"एवढं सूत देऊन ही आळी झोपलेलीच! दसऱ्याला इथून मला नवा शेला आला नाही, तर सगळे माग मोडून मुदपाकखान्यात जाळा."

आता शेला विणायचा कशाचा? आळीत सूत म्हणाल तर औषधालाही नाही. आळीत उरलेली माणसं हात जोडून उभी राहिली. तेवढ्यात ठकूबाई साळीण पुढं आली. तिचा नवरा खडीवर, घरात सासू आणि तीन पोरं, आणि बापानं आंदण दिलेला एक माग. तो जळणार हे ऐकूनही तिची जीभ काही अडखळली नाही.

"मी विणते, महाराज. एका शेल्यापुरतं सूत द्या. फक्त ताण्याला खळ आपल्या वाड्याच्या चौकात लागू दे, दिवाणजींच्या हातानं. आणि आपण आमचा उद्धार केलात ना, अगदी त्याच रीतीनं."

राजा खूश झाला. "आमची रीत तुम्हाला पटली म्हणायची!"

"आळीला पाठ झालीय, महाराज."

आता साळ्यांचं काम असं, की सूत मागावर चढवण्याआधी त्याला भाताची खळ पाजावी लागते. नाहीतर ते मागाचा ठोका सोसत नाही, तुटतं. दोन खुंट्यांमध्ये ताणा, म्हणजे उभे धागे, लांबच लांब ताणायचा आणि कुंचा घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालायच्या. साळ्याचं शेंबडं पोरसुद्धा हे जाणतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाड्याच्या चौकात चाळीस हात ताणा ताणला गेला. ठकूबाईनं खळीचा हंडा दिवाणजींच्या हाती दिला आणि एका टोकाची खुंटी दाखवली.

"ही हरखशेठची खुंटी समजा. सगळी खळ इथंच ओता."

"आणि कुंचा?"

"कुंचा कशाला? झिरपेल की."

दिवाणजींनी ओतली. खळ खुंटीपाशी थबथबली, निम्मी जमिनीवर सांडली. सगळे वाट बघत बसले. ऊन वर आलं. राजा घाम पुसत म्हणाला, "पलीकडचं सूत अजून कोरडंच कसं?"

"दिवाणजींना विचारा, महाराज. शास्त्र त्यांचं आहे."

दिवाणजी खाकरले. "मदत कमी पडली, महाराज. आणखी एक हंडा त्याच खुंटीपाशी ओतला, तर..."

दुसरा हंडा ओतला. आता वाड्यातली एक शेळी आली आणि खुंटीपाशी सांडलेली खळ चाटू लागली. शिपाई तिला हाकलायला धावला.

"राहू द्या तिला," ठकूबाई म्हणाली. "एवढीच तर आमच्या नकलेत राहिली होती."

राजा तडक उठला आणि त्यानं दूरच्या टोकाचे धागे बोटांनी ओढून पाहिले. एक तुटला, दुसरा तुटला, तिसऱ्याची तीच गत. तिकडं खुंटीपाशी सूत पापडासारखं कडक होऊन बसलेलं. राजा भडकलाच.

"अगं बाई, खळ अशी एका टोकाला ओततात का? तो कुंचा घे, टोकापर्यंत चालत जा, धाग्याधाग्याला लाव! एवढं मलाही कळतं!"

ठकूबाईनं खाली वाकून जमिनीला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला.

"महाराज, सहा महिने अख्खी आळी हेच ऐकायला कान लावून बसली होती."

शेठनं निम्मं सूत विकून माडी चढवल्याचंही तिनं सांगून टाकलं. राजानं खुंटीकडं पाहिलं, शेळीकडं पाहिलं, दिवाणजींकडं पाहिलं. मग त्याला असं हसू फुटलं, की डोळ्यांतून पाणी आलं.

"दिवाणजी, तो कुंचा उचला. शेठच्या वखारीत उरलेलं सूत आजच्या आज बाहेर काढा आणि दोनशे घरी तुम्ही स्वतः पोचवा. पायी. शेठनं विकलं तेवढं त्याच्या माडीतून वसूल करा. आणि एकही माग कुणी जाळायचा नाही."

एवढं बोलून राजानं अंगावरचा जरीकाठी शेला काढला आणि बक्षीस म्हणून ठकूबाईच्या हाती ठेवला. ठकूबाईनं त्याचा काठ बोटांत धरून चोळला, उलटून पाहिला, आणि घडी घालून अदबीनं परत केला.

"का गं? आवडला नाही?"

"छान आहे, महाराज. पण हा परमुलखातला आहे."

राजाचं हसू वाड्याबाहेर ऐकू गेलं. "बाई, मग दसऱ्यापर्यंत मी उघड्या खांद्यांनीच दरबारात बसतो. जा, लवकर विण. आणि दरबारातल्या प्रत्येकाच्या शेल्याचं मापही आत्ताच घेऊन जा."