तांबटाने मान डोलावली

फार जुन्या काळी एका राजधानीत तांबटांची आळी होती. दिवसभर तिथे तांब्याच्या भांड्यांवर हातोड्यांचा ठणठणाट चाले, त्यामुळे आळीतली माणसं सगळं ओरडूनच बोलत. एका घरात मीठ मागितलं की शेजारच्या घरातून यायचं. आणि म्हातारपणी तर बहुतेकांना ऐकूच कमी येई.

या आळीतल्या एका तांबटाची मुलगी भलतीच हुशार निघाली. शिकून सवरून ती राजकन्येची शिक्षिका झाली. राजवाड्यात सगळे हळू बोलत, तीही हळू बोलायला शिकली. तिथेच एका सरदाराच्या मुलाचं मन तिच्यावर जडलं, आणि खरं सांगायचं तर तिचंही त्याच्यावर.

मुलाकडची माणसं घरी येणार म्हटल्यावर मात्र ती आळीत घरोघर फिरली. तिने हातापाया पडून आळीतले हातोडे एक दिवस बंद ठेवायला लावले. बापालाही बजावलं, "बाबा, तुम्ही काही बोलू नका. नुसती मान डोलवा."

तांबटाला जरा वाईट वाटलं, पण लेकीपुढे त्याचं कधी काही चाललं होतं?

ठरल्या दिवशी मुलगा आला, बरोबर त्याची आत्या. आत्याबाई मोठ्या ठसक्याच्या, पण आवाज असा की पाळण्यातलं पोरही जागं होऊ नये.

"मुलगी आम्हाला पसंत आहे," त्या म्हणाल्या.

तांबटाने मान डोलावली.

"मात्र लग्नानंतर तिने या आळीत पाऊल ठेवायचं नाही. चार लोकांत बरं दिसत नाही. कबूल आहे?"

तांबट तोंडभर हसला आणि त्याने एकदा सोडून दोनदा मान डोलावली.

बापाला काही ऐकूच गेलं नाही, हे मुलीच्या लक्षात आलं. ती गप्प राहिली असती तर स्थळ पक्कं होतं. पण बापाचं ते भाबडं हसू तिला बघवेना. ती बेंबीच्या देठापासून ओरडली, "बाबा, त्या म्हणतात, लग्नानंतर मी तुम्हाला भेटायला यायचं नाही!"

आत्याबाईंच्या हातातली वाटी खाली पडली. तांबटाचं हसू मावळलं.

"मग तू काय म्हणतेस, पोरी?"

"मला नाही जमणार, बाबा!"

एवढं बोलली आणि तिला एकदम मोकळं वाटलं. सरदाराचा मुलगा उठला. आता हा चालला, असं समजून तिने डोळे पुसले. पण तो दाराकडे गेलाच नाही. तो तांबटाशेजारी मांडी घालून बसला आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडला. बिचारा जन्मात कधी ओरडला नव्हता, त्याचा आवाज पार फाटला.

"आत्याची ही अट मला ठाऊक नव्हती. तुमची लेक इथे येईल, आणि तिच्याबरोबर मीही येईन!"

तांबटाने कानामागे हात धरला. "पोरा, जरा मोठ्याने बोल की. लाजतोस कशाला?"

मुलगी रडता रडता हसायला लागली. दुसऱ्या वेळी मात्र त्याचं बोलणं साऱ्या आळीला ऐकू गेलं, आणि लग्न ठरलं.

तात्पर्य एवढंच: माणूस कितीही वर चढो, जोडीदार असा निवडावा, ज्याच्यासमोर आपल्या आईबापांशी आपल्याच आवाजात बोलता येईल.