मुठीखालचा घास

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा राज्ये लहान होती, राजांच्या मिशा मोठ्या होत्या आणि त्याहून मोठ्या त्यांच्या पागा. अशाच एका पागेत दोनशे घोडी होती आणि ती सगळी नदीकाठच्या लसूणघासावर जगत होती. हा घास एकदा पेरला की चार-पाच वर्षे कापत राहावा; तो पुन्हा पुन्हा फुटतो. अट एकच. कापणाऱ्याने डावी मूठ जमिनीवर टेकवायची आणि विळा मुठीच्या वरून चालवायचा. वरचा घास घोड्यांचा, मुठीखालचा शेताचा.

या शेतावर एक घासदार नेमलेला होता. माणूस जाणता, कष्टाळू. पण दारावर कुणी थाप मारली, तर दार उघडण्याआधी आपला गुन्हा कोणता ते आठवू लागणारा.

एके वर्षी राजा पागा पाहायला येणार अशी बातमी आली. बातमीच्या मागोमाग पागेचा कारभारी आला. कापलेल्या शेतातून त्याने एक फेरी मारली, वाकून एका बुडख्याला बोट लावले.

"हे हिरवे आहे," तो म्हणाला. "म्हणजे घासच आहे. महाराजांचा घास तुम्ही शेतात टाकून देता?"

"सरकार, त्यातूनच पुढची फूट येते..."

"महाराज काय बघायला येतायत? पुढची फूट, की समोरची गंजी?" कारभाऱ्याने रचलेल्या घासाच्या गंजीमधला खांब दाखवला. "पुढच्या कापणीला गंजी खांबाच्या टोकाला लागली पाहिजे. जमत नसेल तर सांगा. घासदार व्हायला माणसं कमी नाहीत."

नाही म्हणायला घासदाराने तोंड उघडले. "जमेल, सरकार," त्याच तोंडातून बाहेर पडले.

पुढच्या कापणीला बायका विळे घेऊन आल्या. त्यांच्या पुढे एक म्हातारी असे. तिला सगळे आत्या म्हणत.

"आत्या, या वेळी मूठ टेकवायची नाही. विळा जमिनीला लावून चालवा."

"का रे बाबा? मुठीनं काय गुन्हा केला?"

"वरून हुकूम आहे."

"वरच्यांना खालचं काय कळतंय? बुडाशी नवे कोंब असतात, ते जातील. पेंढीत माती येईल ती वेगळीच. घोडं काय पाखडून खातंय?"

"मला ठाऊक आहे गं."

"मग जाऊन सांग की त्याला!"

"घोडी जाब विचारत नाहीत, आत्या. कारभारी विचारतो."

म्हातारीने विळा उचलला. "बरं. विळा माझा, हात माझा. पाप कुणाचं ते तू ठरव."

गंजी खांबाच्या टोकाला लागली. राजाने मान वर करून ती पाहिली आणि कारभाऱ्याला शेला दिला. कारभाऱ्याने घासदाराकडे पाहून मान हलवली. खालच्या माणसापर्यंत मान एवढीच पोहोचते.

घासदार मात्र रोज पहाटे शेतावर जाऊ लागला. एरवी आठव्या दिवशी वीतभर हिरवे दिसायचे. या वेळी आठव्या दिवशी माती दिसत होती. दहाव्या दिवशी इथेतिथे चार कोंब दिसले, ते त्याने दोनदा मोजले. दुसऱ्यांदाही चारच भरले. पागेत घोडे खिंकाळले की तो धावत बघायला जाई. खिंकाळले नाहीत, तर आणखी जोरात धावे.

बाराव्या दिवशी राजाच्या लाडक्या पांढऱ्या घोडीने वैरणीला तोंड लावले नाही. ती मान वळवून आपल्याच पोटाकडे बघू लागली, मग खाली बसली आणि लोळू लागली. दुपारपर्यंत आणखी पाच घोडी आडवी झाली.

राजा आला, कारभारी आणि घासदार हजर झाले, पाठोपाठ अश्ववैद्य आला. त्याने घोडीची लीद घमेल्यात टाकली, पाणी ओतून ढवळली आणि वरचे गढूळ पाणी हलकेच सोडून दिले. तळाशी ओंजळभर वाळू उरली.

"महाराज, घोडीनं घास नाही, शेत खाल्लंय," तो म्हणाला.

राजाने कारभाऱ्याकडे पाहिले.

"मी फक्त गंजी मोठी करा म्हणालो," कारभारी हात जोडून म्हणाला. "विळा कुठून चालवायचा ते घासदारांचं काम. मला त्यातलं काय कळतंय?"

त्या दिवशी तेवढे एक वाक्य तो खरे बोलला.

राजा घासदाराकडे वळला. "असं होईल हे तुला ठाऊक होतं?"

घासदाराने मनात दोन्ही उत्तरे तोलून पाहिली. 'नव्हतं' म्हणावे, तर बावीस वर्षे या शेतावर काय केले? 'होतं' म्हणावे, तर...

"होतं, महाराज," तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

"भीती वाटली."

"आता वाटत नाही?"

"वाटते. पण आता बोलून काही वाचत नाही."

संध्याकाळी पांढरी घोडी गेली. बाकीची वाचली, पण अर्धे शेत पुन्हा फुटले नाही आणि मेलेल्या घासाच्या जागी नवा घास लवकर धरत नाही. त्या उन्हाळ्यात घोड्यांनी कडबा चघळला आणि स्वार पायी फिरले. कारभाऱ्याची बदली हत्तीखान्यावर झाली. तिथे गंजी आणखी मोठी लागते. घासदाराची नोकरी मात्र गेली आणि तो निरोपही न घेता गाव सोडून गेला.

तात्पर्य : किती मागे ठेवायचे हे ज्याला कळते, त्याने ते विळा चालण्याआधी बोलावे; उशिरा बोललेले खरे फार तर शिक्षा ठरवायला उपयोगी पडते.