दिवेलागणीच्या पुडीची कहाणी

पौषाचा महिना होता. धुकं असं पडलं होतं की माणसाचा आवाज आधी यायचा आणि माणूस मागाहून दिसायचा. चुलींचा धूर वर चढेना, अंगणातच बसून राहिला. अंगाला झोंबणारा गारठा होता, उन्हाचा पत्ता नव्हता. त्या धुक्यात एक आटपाट नगर बुडालं होतं. ऐका मारुतराया, वाऱ्याच्या लेका, तुमच्या त्या नगरातली ही कहाणी.

त्या नगरात एक भडभुंजा होता. बयाजी त्याचं नाव. भट्टी पेटवावी, कढईत वाळू तापवावी, वाळूत दाणे टाकावे, लाह्या फोडाव्या, फुटाणे भाजावे, हा त्याचा धर्म. बायको देवाघरी गेली होती. लेक मालाच्या गाडीवर परमुलखी फिरे, सणावाराला घरी येई. घरात सून साळू आणि चार वर्षांची नात गोजरी. साळू दुपारी टोपली घेऊन बाजारी जाई, ती दिवे लागल्यावर परते. मग नात आजोबापाशी. आजोबा भट्टीपाशी, म्हणून नातही भट्टीपाशी.

गोजरीला एक दुखणं होतं. हसली की खोकला येई. धावली की खोकला येई. थंडी पडली की धाप लागे, आणि छातीत मांजर बसल्यासारखं घुर्र घुर्र वाजे. इतर पोरं लपाछपी खेळत, ही ओट्यावर बसून राज्य कुणावर आलं ते सांगे. लपायला गेली तरी श्वासाच्या आवाजानं सापडे.

शेजारी येसूबाई तेलीण होती. तोंडाची फटकळ, पोटातली मऊ. ती म्हणाली, "भावजी, पोरीला काळा दोरा बांधा." बांधला. दोरा राहिला, धापही राहिली. कुणी म्हणालं, ओव्याची धुरी द्या. दिली. धाप दुप्पट झाली. कुणी म्हणालं, मोठी झाली की आपोआप जाईल. मग बयाजी ती मोठी व्हायची वाट पाहू लागला. पण मूल मोठं व्हायला आधी श्वास पुरावा लागतो, असं एकदा त्याच्या मनात आलं आणि हातातला घास हातातच राहिला.

त्या धुक्याच्या दिवशी गोजरी उठली ती धापा टाकीतच उठली. बरगड्या आत ओढल्या जात होत्या. "आजोबा" म्हणायला तिला तीन श्वास लागले. बयाजीनं भट्टी तशीच टाकली, नातीला घोंगडीत गुंडाळलं, आणि धुक्यातून चाचपडत दवाखाना गाठला.

दवाखान्यात एक डागदरीणबाई होती. तिनं पोरीच्या तोंडाला वाफारा लावला, छातीला नळी लावली, पाठीवरून हात फिरवला. हळूहळू घुरघुर थांबली. गोजरी बाईंच्या टेबलावरचा पेन मागू लागली. मग बयाजीच्या जिवात जीव आला.

तो म्हणाला, "बाई, बाई, पोर बरी झाली ना?"

बाई म्हणाली, "आज बरी झाली, आजोबा. पण हा दमा आहे. पोर हसतीखेळती दिसते तेव्हाही आत श्वासाच्या नळ्या सुजलेल्या असतात. ती सूज रोज दाबून धरायची तर रोजचं औषध हवं. द्याल?"

बयाजीनं हात जोडले. त्याची बायको श्रावणात कहाण्या वाचायची, हा दाराशी बसून ऐकायचा. त्याला दुसरं बोलणं सुचेना. तो म्हणाला, "वसाच द्या, बाई."

बाई हसली. तिची आजीही कहाण्या वाचायची. ती म्हणाली, "वसा म्हणा. पण तुम्ही उताल, माताल, घेतला वसा टाकाल."

"उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही. हा वसा कधी घ्यावा?"

"आजच घ्यावा. याला तिथी नाही, वार नाही, शुद्ध नाही, वद्य नाही."

"याला करावं काय?"

"रोज दिवेलागणीला हात धुवावे. या औषधाच्या पुड्या देते, त्यातली एक फोडावी. गार मऊ भाताच्या घासावर भुरभुरावी आणि लगेच भरवावी. कढत दुधात, कढत पाण्यात कालवू नये, फोडलेली पुडी ठेवून देऊ नये. खोकला असला तरी द्यावी, नसला तरी द्यावी. एखादे दिवशी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन देऊ नयेत. पोर झोपेत दचकू लागली, उगाच रडू-चिडू लागली, तर मला येऊन सांगावं. आणि धाप लागलीच तर पुडीच्या भरवशावर बसू नये. धापेसाठी हा पंप. नळकांडं तोंडाला लावून द्यायचा आणि तडक इथं यायचं. पोरीला धुरापासून लांब ठेवावं."

बयाजीनं सगळं ऐकलं. तीनदा म्हणून दाखवलं. फक्त उद्यापन कधी करायचं, एवढं एक विचारायचं राहिलं.

मग तो घरी आला. भट्टी साळूच्या हाती दिली. जन्मभर त्या आगीपाशी बसलेला माणूस, त्याला गारठ्यात बसवेना. पण नातीला घेऊन तो येसूबाईच्या ओट्यावर, धूर जात नाही अशा अंगाला जाऊन बसू लागला. दिवेलागण झाली. मारुतीच्या तसबिरीपुढे दिवा लावला, हात धुतले, पुडी फोडली, गार भातावर भुरभुरली, भरवली. दुसऱ्या दिवशी दिवा लावला, पुडी फोडली, भरवली. तिसऱ्या दिवशी दिवा लावला, पुडी फोडली, आणि गोजरीनं तोंड फिरवलं.

"आधी देवाला द्या," ती म्हणाली.

"देवाला धाप लागत नाही, बाळा."

"मग तो पळत का नाही? उभाच असतो."

बयाजीनं घास पुढे केला. तो म्हणाला, "तू खा, मग तो कसा पळतो ते बघू." तेवढ्यात आ झालेल्या तोंडात घास गेला.

पहिल्या दिवसांत काही दिसलं नाही. येसूबाई म्हणाली, "काय हो भावजी, तुमची पुडी पावली का?" बयाजी म्हणाला, "वाळू तापायला वेळ लागतो, येसूबाई." मग माघ आला, तसा खोकला उतरला. फाल्गुन आला, तशी गोजरी होळीभोवती लांबून धावली. चैत्र आला, आणि पोर लपाछपीत सापडेना. बयाजी तिला हाका मारी, ती कणगीमागे श्वास धरून बसे. श्वास धरून! त्याला हसूही येई आणि रडूही.

मग येसूबाई म्हणाली, "भावजी, पोर बरी झाली. आता उद्यापन करा. वसा घेतला आणि उद्यापन केलं नाही, तर तो वसा अंगावर येतो."

बयाजीला ते पटलं. साळू दारात उभी होती. ती म्हणाली, "मामंजी, एकदा बाईंना विचारू या का?"

तो म्हणाला, "अगं, वशाचं उद्यापन डागदराला विचारून करतात का कुणी?"

माणूस धनानं माततो, रूपानं माततो. बयाजी सुखानं मातला. त्यानं मेहुण जेवायला बोलावलं, पुरणाचं ताट वाढलं, सवाष्णीची ओटी भरली. उरलेल्या पुड्या पाटावर मांडल्या, त्यांना हळदकुंकू वाहिलं, फूल वाहिलं. मग सगळ्या पुड्या परातीत घालून नदीवर नेल्या, हात जोडले आणि म्हणाला, "आलीस तशी सुखानं जा." पुड्या पाण्यावर तरंगत तरंगत गेल्या. गोजरी काठावरून टाळ्या वाजवीत होती.

मग वैशाख गेला. ज्येष्ठ गेला. पोर बरीच होती. बयाजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, आमचा वसा पुरा झाला. मग आषाढाचे ओले दिवस आले, भिंतींना बुरशी धरली, आणि गोजरी एकदा खोकली. बयाजी म्हणाला, ठसका असेल. दुसऱ्यांदा खोकली. म्हणाला, पावसाचं असेल. तिसऱ्यांदा खोकली ती थांबेचना. छातीत ते मांजर परत येऊन बसलं. पोर उताणी झोपेना, ओठ फिके पडले, डोळे आजोबाकडे लागले. बयाजी फडताळात हात घालून पुड्या शोधू लागला. पुड्या कुठल्या? त्या तर नदीला वाहिल्या.

साळूनं मात्र पंप कोनाड्यात जपून ठेवला होता. तिनं नळकांडं पोरीच्या तोंडाला लावलं. "गोजरे, हळू. हळू घे. आई आहे." मग तिला उचललं, आणि दोघं चिखल तुडवीत दवाखान्यात गेली. येसूबाई डोक्यावर पोतं घेऊन मागून धावली.

बाईंनी पोर हातात घेतली. सकाळ गेली, दुपार गेली. बयाजी दाराबाहेर उकिडवा बसला. वाऱ्याच्या लेका, तो म्हणाला, जगाला श्वास पुरवतोस, त्यातला मूठभर हिलाही दे. चूक माझी आहे, छाती तिची का धरतोस? दिवस कलला तेव्हा आतून आवाज आला, "मला भूक लागली." सबंध वाक्य आलं, एका श्वासात. बयाजीनं पागोट्यात तोंड लपवलं.

मग बाई बाहेर आली. म्हणाली, "आजोबा, पुड्या कधी बंद केल्या?"

"चैत्रात, बाई. उद्यापन केलं. नदीला वाहिल्या."

बाईला हसावं की रडावं कळेना. "उद्यापन करायला कुणी सांगितलं?"

येसूबाई पुढे झाली. "मी सांगितलं. मला काय ठाऊक? आमच्यात वसा म्हटला की उद्यापन आलंच."

"सांगितलं हिनं, केलं मी," बयाजी म्हणाला. "बाई, चुकलेल्या दिवसांच्या सगळ्या पुड्या आज एकदम देतो. प्रायश्चित्त घेतो."

"अहो, नाही!" बाई त्याच्यापाशी पायरीवर बसली. "प्रायश्चित्त देवाच्या वशाला असतं, औषधाला नसतं. काल गेला तो गेला. आज एक, उद्या एक. पोर बरी दिसत होती, ती औषध चालू होतं म्हणून. या वशाचं उद्यापन तिथी पाहून होत नाही. मी तिला तपासत राहीन. थांबवायचं की बदलायचं, ते मी सांगेन."

बाईंनी दिलेल्या नव्या पुड्या बयाजीनं ओंजळीत घेतल्या. मग हळूच म्हणाला, "कळलं. वाळू तापली म्हणून जाळ काढून घेतला. पुढची मूठ फुटणार कशी?"

मग त्यानं वसा पुन्हा धरला. दिवा लावावा, हात धुवावे, पुडी फोडावी, भरवावी.

श्रावण आला. एकादशी आली. आळीतली म्हातारी माणसं म्हणाली, "आज पोरीला उपास घडू दे, भात कसला देता?" बयाजी म्हणाला, "उपास माझा आहे, तिचा नाही." दिवा लावला, पुडी फोडली, भरवली.

मार्गशीर्षात भाचीचं लग्न निघालं. नातीला घेऊन परगावी जायचं. मांडवात सनई वाजत होती, पंगत बसत होती, व्याही म्हणाले, "बसा हो बयाजी, पहिली पंगत तुमची." तो म्हणाला, "दिवे लागले, माझं एक काम आहे." मुदपाकखान्याच्या दाराशी गेला, आचाऱ्याकडून वाटीभर गार भात मागून घेतला, कनवटीची पुडी काढली, भरवली. आचारी म्हणाला, "वराचे बाप तूप मागतात, वधूचे मामा गार भात मागतात. धन्य हे लग्न."

मग पुन्हा पौष आला. तसंच धुकं, तसाच गारठा. बयाजी रोज पहाटे नातीच्या छातीला कान लावून बसे. छाती मुकाट वर जाई, खाली येई. येसूबाईनं ते पाहिलं. जीभ चावली. दुसऱ्या दिवसापासून दिवेलागणीला ती गार भाताची वाटी स्वतःच आणून ठेवू लागली. गोजरी बरी होती, हसत होती, ओट्यावरून उड्या मारत होती, आणि बयाजी दिवा लावत होता, पुडी फोडत होता, भरवत होता. उद्यापनाचं नाव कुणी काढलं नाही.

चैत्रात मारुतीची जत्रा भरली. लेक घरी आला होता. त्यानं पोरीला खांद्यावर घेऊन जत्रा फिरवली, आणि म्हणाला, "काय घेऊ तुला?" गोजरीला बाहुली नको, भिंगरी नको. तिनं पिपाणी घेतली. जत्रेत वाजवली, वाटेनं वाजवली, घरी येऊन वाजवली. गाल फुगवून, डोळे मिटून, एका दमात अशी लांबलचक वाजवली की साळूनं भट्टीवरून मान वर करून पाहिलं, आणि बयाजी ओट्यावर बसून ऐकत राहिला. सकाळी वाजवली, दुपारी वाजवली, तिन्हीसांजेलाही वाजवली. येसूबाईच्या दारी म्हैस होती, ती कान टवकारून बघू लागली.

ही साठा उत्तरांची कहाणी इथं पाचा उत्तरांत फळाला आली. बयाजीला नातीचा श्वास परत लाभला, तसा ज्याच्या घरी मूल धापतं आहे त्याला लाभो. त्याच्या हातून एकही दिवेलागण रिकामी न जावो. येसूबाई दुधाची रिकामी कासंडी आपटीत बयाजीपुढे येऊन जे बोलली, ते त्याचा शेजारीही त्याला दारात येऊन ऐकवो. ती म्हणाली, "अहो भावजी, तेवढं त्या पोरीला आवरा हो! माझी म्हैस चार दिवस पान्हा सोडत नाही!"