बुरुजावरचं शिंग

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की त्यातल्या राजाचं नाव सांगायला आता कोणी उरलेलं नाही.

त्याच्या राज्यात डोंगरावर एक तलाव होता. तलावाच्या दाराशी एक बाई एकटीच राहायची. रोज सकाळी दूर राजधानीच्या बुरुजावर शिंग वाजे, मग ती दार उघडे आणि पाटाचं पाणी खाली पानमळ्यांत जाई. गावची गुरं कोरड्या पाटातून पलीकडे चरायला जात, म्हणून शिंगाआधी दार उघडायचं नाही, असं सासूनं तिला शपथ घालून सांगितलं होतं. दिवसभरात तिच्या कानी माणसाची चाहूल यायची ती तेवढीच.

पुढे राजाला उकडायला लागलं. राजाला उकडलं की राजधानी हलते. सिंहासन हललं, हत्ती हलले, राणीच्या लोणच्याच्या बरण्यासुद्धा हलल्या. निघताना प्रधानानं एकेका चाकराला त्याचं काम विचारलं.

"गुरं पाटापलीकडे गेली, की मी शिंग फुंकतो," म्हातारा शिंगवाला म्हणाला.

"कशासाठी?"

"ते काही ठाऊक नाही, सरकार. बाप फुंकायचा, म्हणून मी फुंकतो."

प्रधानानं त्याला शाल-नारळ देऊन घरी पाठवलं.

दुसऱ्या सकाळी शिंग वाजलं नाही. बाई दारावर हात ठेवून बसून राहिली. तिसऱ्या सकाळीही तेच. जाऊन सांगावं तर दार सोडायची सोय नव्हती, आणि आपल्याला विचारतंय कोण, असंही तिला वाटलं. तिला फार एकटं वाटू लागलं.

खाली पानवेली सुकायला लागल्या. मळेवाले नव्या राजधानीत जाऊन रडले. दार अडकलं असेल म्हणून प्रधानानं माणसं धाडली. ती आली, दाराला तेल घालून गेली. तिच्याशी कोणी बोललं नाही. मग पाटातला गाळ काढून झाला, तलावाची पूजाही झाली. पाणी काही येईना. शेवटी प्रधानानं ठरवलं, की बाईच आळशी आहे.

तिला हाकलायला राजा स्वतः आला.

"बाई, दार का उघडत नाहीस?"

"शिंग कुठं वाजतंय, महाराज?"

राजानं प्रधानाकडे पाहिलं. प्रधान तलावाकडे पाहू लागला.

शिंगवाल्याला गावाहून आणलं. बाईला पाहून तो चकित झाला. "माझं शिंग ऐकायला इथे कोणी होतं?"

"रोज ऐकायचे," बाई म्हणाली. "थंडीत तुमचा दम कमी पडायचा. काळजी वाटायची मला."

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "हे ठाऊक असतं, तर मी बुरुज सोडलाच नसता."

शिंग पुन्हा वाजलं, पाणी सुटलं, पण करपलेल्या वेली काही जगल्या नाहीत. त्या वर्षी राजाला विड्यावाचून राहावं लागलं. तेव्हापासून दार उघडलं, की बाई पांढरं निशाण चढवू लागली. ते दिसलं नाही, तर शिंगवाला लगेच माणूस धाडून तिची विचारपूस करी.

म्हणून मुलांनो, आणि मोठ्यांनोही: जे काम रोज गाजावाजा न करता होतं, त्याची रोज विचारपूस करावी, कारण ते बंद पडतं तेव्हाही आवाज होत नाही.